‘नेट गेलं’ न चालणारा वर्ग

तपासणी समिती आली त्या मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आमच्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक एकमेकांशी बोलायचे थांबले. मार्च महिना होता. वीज होती, पंखे फिरत होते, संगणकांचे पडदे उजळलेले होते. फक्त एका संगणकाकडून दुसऱ्याकडे काहीही जात नव्हतं.

संस्था देगलूरची, खासगी आणि लहान होती. नाव देण्याचं कारण नाही. संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे चालत असे आणि आम्ही पहिल्या वर्षाला होतो. प्रयोगशाळा चालू स्थितीत नाही असा शेरा पडला, तर मान्यता जाणार होती आणि दुसरं वर्ष आम्हाला नांदेडला करावं लागणार होतं. आमच्यातले बरेच जण आजूबाजूच्या खेड्यांतून येत. देगलूरपर्यंत यायलाच त्यांना एक बस लागे. शबाना गावातलीच होती, पण तिचं नांदेड तर पक्कंच बंद होतं. वडील नव्हते, बसस्टँडजवळ अम्मीचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दुपारनंतर दुकानात शबाना बसायची. अम्मीने आदल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं, “देगलूर है तो पढ. नांदेड नक्को. दुकान पे कौन बैठिंगा?”

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम त्या वेळी समितीसोबत दारातून आत येत होत्या. त्यांनी पहिल्या पडद्याकडे पाहिलं आणि शबानाला विचारलं, “कुठवर?”

समितीतल्या दोघांनाही प्रश्न कळला नाही. आम्हाला कळला. वर्षभर आम्ही दुसरं फारसं काही ऐकलं नव्हतं.

मॅडमच्या वर्गात “नेट गेलं” हे वाक्य चालत नसे. कुणी म्हटलंच, तर त्या चष्मा काढून हातात घेत. चष्म्याची दोरी म्हणजे नेटवर्कच्या केबलमधला निळ्या-पांढऱ्या तारांचा पीळ असे. ती झिजली की दुसरी, नारिंगी. “गेलं म्हणजे? फिरायला गेलं का? कुठवर जाऊन राहिलंय ते सांग.” मग ठरलेल्या क्रमाने जावं लागे. तार नीट बसली आहे का, तिच्याजवळचा बारका दिवा लागला आहे का, हे आधी. मग पिंग. पिंग म्हणजे हाक, असं त्या सांगत. संगणकाने आधी स्वतःला हाक मारायची. ओ आली तर शेजारच्याला. शेजाऱ्याने ओ दिली तर गेटवेला, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या वेशीला. तिथूनही ओ आली तर वेशीबाहेर. ओ जिथवर येते त्याच्या अलीकडे बिघाड नाही. एवढं सांगता आलं की बिघाड निम्मा सापडला, असं त्यांचं मत होतं. “निम्मा काय, बारा आणे,” असंही त्या एकदा म्हणाल्या होत्या.

ही पद्धत वर्गापुरती राहिली नव्हती. नळाला पाणी आलं नाही असं शिपाई म्हणाला, तर टाकीत आहे का, टाकीतून निघालंय का, वरच्या मजल्याला येतंय का, असे प्रश्न त्याला उभ्या उभ्या विचारले जात. बस चुकल्याचं कारण देणाऱ्या विद्यार्थ्याला बस कुठल्या फाट्यापर्यंत आली होती ते सांगावं लागे. प्राचार्य एकदा म्हणाले, “मॅडम, माझा गुडघा गेलाय.” शिक्षकांच्या खोलीतले सगळे मॅडमकडे पाहू लागले. मॅडमनी विचारलं नाही. प्राचार्यांनीच हात जोडून सांगितलं, “जिन्यापर्यंत जातोय. वर न्हाई.”

हजेरीही अशीच. त्या नाव घेत आणि टेबलावर बोटाने ठेका धरत. ठेका संपायच्या आत “हाव मॅडम” आलं तर हजर. नंतर आलं तर, “आलास, पण उशिरा. मध्ये कुठं अडकला होतास?” आलंच नाही तर त्या आणखी तीनदा हाक मारत. पिंग करताना संगणकही चारदाच हाक मारतो, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी त्यांचं नाव पिंगबाई ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं. फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी ते पुसलं नाही. खाली पिंगची आज्ञा लिहून धडा सुरू केला.

त्यांचा वर्ग सुरू होताना सगळ्यांना उभं राहून आठ रंग म्हणावे लागत. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि टोकाला प्लास्टिकची पिन बसवताना त्या ठरलेल्या क्रमानेच आत जाव्या लागतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. संस्थेत नवे आलेले एक पाहुणे व्याख्याते जिन्यावरून जाताना हे ऐकून थांबले, चपला काढल्या आणि हात जोडून शेवटच्या तपकिरीपर्यंत उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

मॅडम रेणापूर तालुक्यातल्या. घर बौद्धवाड्यातलं. वडील रोजंदारीवर टेलिफोनच्या केबलसाठी चर खणायचे. काम पुढे सरकेल तसा त्यांचा मुक्काम सरके, म्हणून मुलीला किनवटच्या निवासी शाळेत ठेवलं. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी त्या हे सांगत. आवाज चढवून नाही, पण टाळतही नसत. “माझ्या वडलांनी कमरेएवढे चर खणले. तार कुणाच्या घरी चालली ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं. मी तेच शिकवते.” एवढं बोलून त्या हजेरीकडे वळत.

त्या वसतिगृहाच्या उदाहरणातून त्यांनी संगणकाचे दोन पत्ते शिकवले. नेटवर्क कार्डावर कारखान्यातूनच एक क्रमांक घालून येतो. तो मॅक पत्ता. दुसरा आयपी पत्ता, तो संगणक ज्या नेटवर्कात जाईल तिथला मिळतो. पुस्तकात याला माहेर-सासरचं उदाहरण होतं. मॅडमनी त्या परिच्छेदावर काट मारायला लावली. “किनवटला मी सात वर्षं होते. दर जूनला रेक्टरबाई नवी खाट द्यायच्या. खाटेचा नंबर म्हणजे आयपी. मी म्हणजे मॅक. आणि रेक्टरबाई म्हणजे?”

“डीएचसीपी, मॅडम,” व्यंकट म्हणाला. नव्या आलेल्या संगणकाला मोकळा पत्ता नेमून देणाऱ्या व्यवस्थेचं ते नाव.

“आणि दोन पोरींना एकच खाट दिली तर?”

“भांडण.”

“संगणकात पण तेच.”

व्यंकट सीमेपलीकडून, तेलंगणातल्या एका गावातून रोज यायचा. घरी तेलुगू, शाळा मराठी. तो आणि शबाना एका बाकावर बसत आणि दिवसभर एकमेकांची चेष्टा करत. “तू बोलतोस ते कुठल्या भाषेत बसतं रे?” शबाना विचारायची. “तुझ्या दुकानात चालतंय न्हवं?” तो म्हणायचा.

याच मुद्द्यावर मॅडम एकदा अख्खा वर्ग आठवडी बाजारात घेऊन गेल्या. मिरची विकणारी बाई तेलुगू बोलणारी होती, गिऱ्हाईक उदगीरकडचं, कन्नड बोलणारं. दोघांनी आपापल्या भाषेत एकेक वाक्य टाकून पाहिलं. मग बाईने दख्खनीत विचारलं, “कित्ता होना?” आणि सौदा सुरू झाला. मॅडम आमच्याकडे वळल्या. “बघितलं? आधी भाषा ठरली, मग भाव. याला प्रोटोकॉल म्हणायचं.” मिरचीवाली म्हणाली, “घेणार आहेत का नुसतंच बघून राहिले?” मॅडमनी पावशेर मिरची घेतली.

राउटर शिकायला आम्ही बसस्टँडवर गेलो. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीसमोर त्यांनी आम्हाला अर्धा तास उभं केलं. एका म्हाताऱ्याने हैदराबादची गाडी विचारली. नियंत्रकाने त्याला मदनूरच्या गाडीत बसवलं आणि पुढचं तिथे विचारायला सांगितलं. “याला हैदराबादेतली गल्ली माहीत न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “गरजही न्हाई. पुढचा स्टँड कोणता, एवढं पक्कं माहीत पाहिजे. राउटर एवढंच करतो. आणि चुकत नाही.” नियंत्रकाने हे ऐकलं असावं, कारण त्याने आम्हाला खिडकीसमोरून हटायला सांगितलं नाही.

वायफायला त्यांचा पहिल्या वर्षापुरता विरोध होता. प्राचार्यांना प्रयोगशाळेतला तारांचा गुंताळा काढून टाकायचा होता. “दिसायला बरं दिसत नाही मॅडम.” मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. तार हातात धरता येते, टोकापर्यंत जाता येतं. जे धरता येत नाही ते दुसऱ्या वर्षाला.

तारांसाठी मात्र त्यांचे नियम कडक होते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर एकच क्रमांक. केबल पायात येता कामा नये. आणि सगळ्यांत मोठा नियम, फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला: कोणतंही टोक लोंबतं ठेवायचं नाही. “लोंबतं टोक म्हणजे अर्धं सोडलेलं काम. एक तर लावा, न्हाई तर काढून गुंडाळा.” लोंबतं टोक दिसलं की त्या शिकवणं थांबवून तिथेच उभ्या राहत. कुणीतरी उठून ते लावेपर्यंत किंवा काढेपर्यंत पुढचं वाक्य येत नसे.

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही लवकर आलो. फरशी दोनदा धुतली. बाक ओले झाले, काही पट्ट्या भिजून गळाल्या. दहाच्या सुमारास मॅडमनी एका संगणकावरून सगळ्यांना हाका मारून पाहिल्या. सगळ्यांनी ओ दिली. मग त्या समितीला घ्यायला खाली गेल्या. वर्गात शेवटची झाडलोट चालू राहिली. त्या वेळात काय झालं ते नंतर कळलं.

“कुठवर?” मॅडमनी विचारलं, तेव्हा शबाना पहिल्या संगणकावर होती.

“स्वतःला हाक मारली मॅडम. ओ आली.”

“शेजारी?”

“न्हाई येत.”

“दुसरीकडच्या शेजारी?”

“कुणीच न्हाई देत.”

समितीत दोघे होते. वयाने मोठे असलेले सदस्य कमी बोलत होते. धाकट्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुपारी बिलोलीची एक संस्था तपासायची होती. “पंधरा मिनिटं देऊ शकतो,” ते म्हणाले.

प्राचार्य मॅडमच्या जवळ आले आणि हळू बोलू लागले. आम्ही पुढच्या बाकावर होतो, म्हणून ऐकू आलं. “मॅडम, खाली जाऊन मेन स्विच पाडतो. लाइट गेली म्हणू. मार्चात जातीच की.”

“लाइट गेली न्हाई, सर.”

“अहो, एक दिवस. पुढची तारीख मागून घेऊ.”

“जे गेलं न्हाई ते गेलं म्हणून मी वर्षभर कुणाला म्हणू दिलं न्हाई. आज मीच म्हणू?”

प्राचार्य रुमालाने मान पुसत बाजूला झाले.

मॅडमनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. धाकट्या सदस्यांना ते विचित्र वाटलं. “तुम्ही स्वतः का पाहत नाही?”

“मला येतं का ते बघायला तुम्ही आला नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “यांना येतं का ते बघायला आलात. बघा.”

मोठ्या सदस्यांनी एक खुर्ची घेतली आणि तेही बसले.

व्यंकट उठला आणि न विचारता त्याने स्विच बंद केला. प्रयोगशाळेतला स्विच म्हणजे भिंतीवरची एक चपटी पेटी. सगळ्या संगणकांच्या तारा तिच्या छिद्रांत येतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे पाठवायचा हे ती ठरवते. त्याने ती पुन्हा चालू केली. प्रत्येक छिद्राशेजारचे दिवे क्षणभर शांत राहिले आणि पुन्हा लुकलुकायला लागले.

“काय कळलं?” मॅडमनी स्टुलावरूनच विचारलं.

“काही न्हाई मॅडम. पुन्हा तसंच.”

“दिवे बघ. लागले म्हणू नको. कसे लागलेत ते सांग.”

शबाना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एरवी हे दिवे आपापल्या वेळी लुकलुकतात. एक इथे, एक तिथे, मध्येच सगळे थांबतात. तिने बराच वेळ पाहिलं. “सगळे एकदम करून राहिलेत मॅडम. थांबतच न्हाईत.” मग ती वर्गाकडे वळली. “कुणी काही पाठवून राहिलंय का?”

कुणीच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं.

“मग एवढं कोण बोलून राहिलंय?” ती म्हणाली.

शबानाने स्विचमधली पहिली केबल उपटली, दिव्यांकडे पाहिलं, परत लावली. दुसरी उपटली, पाहिलं, लावली. धाकटे सदस्य दारात गेले आणि ड्रायव्हरला गाडी सावलीत घ्यायला सांगून परत आले. एक केबल निघाली आणि सगळे दिवे शांत झाले. शबानाने ती परत लावली. दिवे पुन्हा एकदम लुकलुकायला लागले. तिने ती काढली.

“व्यंकट, हिचं दुसरं टोक बघ.”

केबलवर पट्टी नव्हती. व्यंकट गुडघ्यांवर बसला आणि केबल हातात धरून बाकांखालून सरकत गेला. तो भिंतीपर्यंत गेला, कोपऱ्यातून वळला आणि बाकांच्या दुसऱ्या बाजूने परत येऊ लागला. त्याचं डोकं बाहेर आलं तेव्हा तो स्विचच्या खालीच होता. केबलचं दुसरं टोक त्याच स्विचच्या दुसऱ्या छिद्रात होतं.

तो उठून उभा राहिला. “मॅडम, झाडताना हे लोंबत होतं. मीच लावलो.”

वर्गात कुणी हसलं नाही.

“सापडलं कुणाला?” मॅडमनी विचारलं.

“शबानाला.”

“शबाना, सरांना सांग.”

शबाना मोठ्या सदस्यांसमोर जाऊन उभी राहिली. तिने आधी मराठीत सुरुवात केली, मध्ये अडखळली, पाणी प्यायली आणि पुन्हा बोलू लागली. “सर, या पेटीला कधी कधी असा निरोप येतो की सगळ्यांना सांग. ती सगळ्या दारांतून तो पाठवते. एका दारातून बाहेर गेला तो या वायरीतून फिरून दुसऱ्या दारातून परत आत आला. पेटीला वाटलं, नवीन निरोप आहे. तिनं पुन्हा सगळ्यांना सांगितला. तो पुन्हा आला. असं चालूच राहिलं. मग खऱ्या निरोपाला वाटच उरली न्हाई. बंद करून चालू केलं तरी वायर तिथंच होती, म्हणून पुन्हा तेच झालं.”

“याला काय म्हणतात?” सदस्यांनी विचारलं.

“लूप, सर.”

“परत होऊ नये म्हणून काय कराल?”

शबाना बोलणार तोच मॅडम स्टुलावरून उठल्या. “तो प्रश्न माझा आहे, सर. लोंबतं टोक लावा किंवा काढा, हा नियम मी केलाय. या पोरानं तो पाळला. दुसरं टोक कुठं आहे ते आधी बघा, असं मी नियमात म्हटलं नव्हतं. अहवालात हे लिहा. साडेअकराला बंद पडलं, कारण हे, शोधलं यांनी.”

“मॅडम, ते लिहायची काय गरज आहे?” प्राचार्य म्हणाले. “आता चालू झालंय की.”

“बंद पडलं होतं, सर. यांनी काढलं. पहिलं लिहिलं न्हाई तर दुसरं कसं लिहिणार?”

मोठ्या सदस्यांनी लिहिलं. मग पेनाला टोपण लावून त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा पुन्हा काहीतरी बंद होतं. त्यांनी शेवटच्या बाकावरच्या दोघांना बोलावलं. दोघांनी आधी स्वतःला हाक मारली, मग शेजाऱ्याला, मग वेशीला. गेटवेची पिन अर्धी बाहेर ओढलेली होती. ती सापडली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन संगणकांना एकच आयपी पत्ता देऊन ठेवला. ते शोधायला माझी आणि आणखी एकाची पाळी आली. तेही सापडलं. “एक खाट, दोन पोरी,” मागून व्यंकट पुटपुटला, आणि या वेळी वर्ग हसला. सदस्यांनी कशाला हसता ते विचारलं. त्यांना रेक्टरबाईंची गोष्ट सांगण्यात आली. समिती बिलोलीला उशिरा पोचली.

समितीची गाडी गेल्यावर मॅडमनी व्यंकटला फळ्याजवळ बोलावलं. त्याने नवा नियम सांगायचा आणि सगळ्यांनी तो तपासायचा, असं ठरलं. तीन वेळा खोडाखोड झाली. शेवटी नियम असा झाला: टोक लावण्याआधी केबल दुसऱ्या टोकापर्यंत हाताने धरून जा. तो पुठ्ठ्यावर मराठीत लिहिला गेला. व्यंकटने खाली तेलुगूत लिहिला, शबानाने उर्दूत. पुठ्ठा स्विचच्या वर ठोकला. मॅडमनी आपला जुना नियम फळ्यावरून स्वतः पुसला.

मॅडम आता निवृत्त आहेत आणि लातूरला राहतात.

समितीचा आदेश एप्रिलअखेर आला. मान्यता कायम राहिली. जुलैत दुसऱ्या वर्षाचा वर्ग देगलूरलाच, त्याच खोलीत सुरू झाला. पहिल्या दिवशी हजेरी झाली. सगळे हजर होते.